मामांचा गुडघा आणि माझी सीट

कुंभारीतल्या आमच्या दोन खोल्यांत तीन माणसं आणि एक सायकल राहायची, आणि घरातलं कर्तं कोण असं कुणी विचारलं असतं तर मामांनी बेलाशक सायकलीकडं बोट दाखवलं असतं. त्यात खोटं काही नव्हतं. वडील लवकर गेले. आई विड्या वळायची आणि तिचा थोरला भाऊ, म्हणजे मामा, कॅरियरवर टॉवेलांचं गाठोडं बांधून अक्कलकोटपर्यंतची गावं फिरायचे. मला सोलापुरात कॉलेजला जायचं होतं, पण रोजची बस परवडणारी नव्हती. मामांनी पाना घेतला, सीट पार खाली, माझ्या उंचीला आणली आणि म्हणाले, "सकाळी तू ने, दुपारी मी." आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे सांगायची संधी मी सोडत नाही, इथंही सोडणार नाही.

मामा सायकलीला लेकीसारखं जपायचे. चढ आला की "तिला दम लागला" म्हणत स्वतः उतरून धापा टाकायचे. उन्हात ती उभी असली तर तिच्या हँडलवर ओला टॉवेल, आणि मामा मात्र बोडक्या डोक्यानं. गुडघा दुखायला लागल्यावरही त्यांनी दोघांत भेद केला नाही. आई ओरडायची, "दादा, चेनचं तेल पायाला लावलंस व्हय?" तर हे शांतपणे, "कुरकुर दोघांचीबी सारकीच हाय की." रुईची पानं शेकून झाली, निर्गुडी झाली, विक्रीतलाच एक टॉवेल गुडघ्याला कायमचा बांधला गेला. अक्कलकोटच्या बाजारात मामा कानडीत कण्हायचे, सोलापूरच्या शुक्रवार पेठेत मराठीत, आणि घरी अजिबात नाही.

पण पुढंपुढं ते भिंतीला धरून उठायला लागले. शेजारपाजारचे म्हणाले, आता ऑपरेशनच. आई म्हणाली, "सायकल इकून टाक, दादा." त्या दिवशी मामा जेवले नाहीत. सायकलीविना मामा म्हणजे काय, हे मला डोळ्यांपुढं आणता येईना. शेवटी मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. मी स्कूटरवर, आणि ते हट्टानं सायकलवर.

आत शिरताच त्यांनी हात जोडले. "डाक्टर, पाय ठेवा न्हायतर काढा, पर सायकल सोड म्हनू नका."

डॉक्टरांनी फोटो काढला, गुडघा वाकवून पाहिला. "हाडाला काही झालेलं नाही. सायकल चालवून दाखवा बघू."

मामांनी दवाखान्याच्या आवारात ऐटीत एक फेरी मारली. गुडघे छातीपर्यंत येत होते. डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो मामा, तुम्ही सायकल चालवताय का उकिडवे बसलाय? गुडघा दुखणार नाहीतर काय! एवढी खाली सीट कुणाची?"

"पोरीची."

"मामा," मी म्हणाले, "माझं कॉलेज संपून किती वर्षं झाली! मला नोकरी आहे, स्कूटर आहे."

"हाय की. पर मशीनचा काय भरवसा? कवा बंद पडली, तर घाईत तू पाना हुडकत बसनार?"

मला हसू आलं, आणि दुसरंही काही आलं. डॉक्टर मात्र नुसतेच हसले. सीट वर करा, काही दिवस ओझं नको, सांगतो ते व्यायाम करा, एवढंच म्हणाले. ऑपरेशनचं नावही नाही. बाहेर येऊन मी आईला फोन केला, तर तिकडून आधी रडणं आणि मग, "लई येडा हाय माजा भाऊ!"

घरी बोल्ट गंजून बसला होता. मामांनी त्यावर तेल सोडलं, आणि सवयीनं थोडं गुडघ्यालाही. सीट वर चढायच्या आधी त्यांनी खिळ्यानं नळीवर एक रेघ ओढली. "ही तुजी. ऱ्हाऊ दे."

गुडघ्याचं दुखणं एकदम नाही, हळूहळू उतरलं. आता गुडघ्याचा टॉवेलही सुटला आहे. परवा अंगणात कुणी नाही बघून मी त्या सायकलीवर बसले. पाय जमिनीला पोचले नाहीत. तशीच उतरले, सीटवरची धूळ ओढणीनं पुसली. दुपारी मामा गाठोडं बांधून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले.

त्यांचा गुडघा आता दुखत नाही.