धुळ्याचं स्टेशन

जळगावच्या आमच्या दोन खोल्यांपैकी एक रेल्वेनंच अडवली होती. प्लायवुडच्या फळीवर मी धुळ्याचं स्टेशन उभारत होतो, कारण धुळं हे बायकोचं माहेर. छोटे रूळ आणि सेलवर चालणारं इंजिन मुंबईहून आणलं होतं. बाकी सगळं आम्ही घरीच बनवायचो. मी पुठ्ठ्याची इमारत कापायचो, बायको स्पंजचे तुकडे हिरव्या रंगात बुडवून कडुलिंबाची झाडं करायची. रुळांखालच्या खडीसाठी आम्ही कौलाचा चुरा चाळून घेतला होता.

फलाटावरचा पहिला माणूस तिनं काडीपेटीच्या काडीचा केला, धोतर-टोपीतला.

"हे आबा," ती म्हणाली. "मी येणार म्हटलं की गाडीच्या कितीतरी आधी येऊन उभे राहतात."

त्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली आणि त्यातच ती गेली.

तेराव्यानंतर तिचे आबा काही दिवस माझ्याकडे राहिले. एका सकाळी ते त्या खोलीत शिरले. वाकून त्यांनी इमारत पाहिली, झाडं पाहिली, फलाटावर उभ्या असलेल्या स्वतःलाही ओळखलं. मग माझ्याकडे वळून अहिराणीत म्हणाले, "जवाईबापू, बठ्ठं धुळं शे आठे. मनी पोर कोठे शे?"

सगळं धुळं तिथं होतं, त्यांची पोर तेवढी नव्हती. त्यांचा हात धरून मी खाली बसलो आणि आम्ही दोघंही रडलो.

स्टेशन मी पुढं पूर्ण केलं नाही. धूळ झटकताना तिची झाडं सुटून हातात यायची, म्हणून नंतर झटकणंही सोडलं.