दसऱ्याच्या पाटावरचं पिस्तूल

पोलिसातल्या नोकरीत पंचनामे किती केले याची गणती नाही, पण जी घटना अजून डोळ्यांसमोरून हलत नाही ती निवृत्तीनंतरची आहे, आणि तीही सिंगापूरची.

मुलीकडे टॅम्पिनीसला राहायला आलो होतो. दसऱ्याला मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शस्त्रपूजेचे फोटो येत होते. इथली शस्त्रं म्हणजे लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हर, फार तर भाजीची सुरी. एका फोटोत मात्र लॅपटॉपशेजारी पिस्तूल होतं, हळदीकुंकवाने माखलेलं. खाली सगळ्यांनी हात जोडले होते. मी चप्पल घातली.

फोटो टाकणाऱ्याचं घर दोन ब्लॉक पलीकडे. पुण्याचा आयटीवाला, ओळखीचा मुलगा.

"या काका, श्रीखंड घ्या."

"श्रीखंड राहू दे. ते पिस्तूल कुणाचं?"

"देवासारखं पूजतो आम्ही त्याला. माझ्या आजोबांनी लढाईतून आणलेलं, जपानी अधिकाऱ्याचं. गेल्या वर्षी माझे वडील, आप्पा, इथे राहायला आले, तेव्हा देवाच्या सामानाबरोबर कंटेनरमधून आलं."

पाटावरच्या वस्तूला परवाना लागतो हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. इथला हत्यारांचा कायदा काय आहे ते सांगितल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. वडील ऐंशीच्या घरातले. त्यांना तुरुंग, याचा इथला नोकरीचा पास रद्द.

"काका, गुपचूप समुद्रात टाकून देऊ?"

"शहाणाच आहेस. लपवलंस की मग तुला कुणी वाचवणार नाही. हात लावू नकोस."

मी हात मागे बांधून मोबाईलच्या उजेडात पाहिलं. खऱ्या जपानी लष्करी पिस्तुलावर कारखान्याची खूण, क्रमांक आणि सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष ठोकलेलं असतं. ठोकलेल्या आकड्याची कड धारदार असते. इथे हळद साचलेले आकडे गोलसर होते, साच्यातून ओतल्यासारखे. नळीचं भोक बोटभर आत जाऊन बंद. पिस्तूल नकली होतं.

आप्पांजवळ जाऊन बसलो. माणसाला उभा करून विचारलं की तो खोटं बोलतो. शेजारी बसून विचारलं की निदान गप्प बसतो.

"आप्पा, हे लढाईतलं नाही ना?"

"नाही," ते म्हणाले. "बाबा पलटणीत होते. इथेच, सिंगापुरात जपान्यांकडून पकडले गेले. वरून शरण जायचा हुकूम झाला म्हणून सगळ्यांनी रायफली खाली टाकल्या. सुटून गावी आले, तर पहिल्याच दसऱ्याला भावकीतला एक जण म्हणाला, तुझ्या पाटावर काय ठेवणार, तू तर हत्यार देऊन आलास. त्यानंतर बाबा दसऱ्याला कधी घरात थांबले नाहीत. शेतात जाऊन बसायचे. ते गेल्यावर मी जुन्या बाजारातून हे घेतलं. पोराने आजोबांविषयी मान वर करून बोलावं, एवढंच मनात होतं."

मुलगा दारात उभा होता. आत येऊन त्याने वडिलांचा हात धरला. "मला सांगायचं होतंत, आप्पा. मला त्यांची लाज वाटली असती का?"

मग आम्ही पोलिसांना फोन केला. एक तरुण तमिळ अधिकारी आली, सोबत दोन शिपाई. तिनेही नकली असल्याची खात्री केली, पण नकलीलाही इथे परवानगी लागते, म्हणून जप्ती अटळ होती. पिस्तूल पिशवीत गेलं. जबाब सुरू झाला, मुलगा दुभाष्या.

"ही वस्तू कुणाची?" तिने विचारलं.

'माझी' म्हणा, असं मी आप्पांना बजावून ठेवलं होतं. आप्पा उठून उभे राहिले. त्यांनी बाबांचं पूर्ण नाव सांगितलं, पलटण सांगितली, शिपाई क्रमांक सांगितला. मुलाने ते शब्दशः इंग्रजीत सांगितलं. त्याने रायफलींची गोष्टही तिला सांगितली.

तिने वस्तू बाळगणाऱ्याच्या रकान्यात आप्पांचं नाव घातलं आणि खाली शेऱ्यात बाबांचं नाव, पलटण, क्रमांक हा सगळा मजकूर लिहिला. क्रमांक दोनदा विचारून तपासला. पावती इथल्या रिवाजाप्रमाणे दोन्ही हातांनी पुढे केली.

"बाबांचं हत्यार ढिगात पडलं," पावतीकडे बघत आप्पा मला म्हणाले. "तेव्हा नाव कुणी विचारलं नव्हतं."

पुढे ताकीद देऊन प्रकरण मिटलं. त्या दिवशी मात्र मी डोळे पुसायला बाहेर कॉरिडॉरमध्ये गेलो होतो, हे लपवत नाही. आयुष्यभर हत्यारं जप्त केली, एकेक क्रमांक बिनचूक उतरवला. कुणाचं, हेही दर वेळी विचारलं. पण ते फक्त आरोपी ठरवायला.