दोनशे शेअरचा मालक

माझे वडील नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हा तिने कामगारांसाठी काही शेअर राखून ठेवले होते. दहा रुपयांना एक. बाबांनी दोनशे घेतले. पुढे मोठा संप झाला. सकाळी गेटवर मालकाच्या नावाने शिमगा करायचा आणि दुपारी घरी येऊन डिव्हिडंडचं पाकीट आलं का म्हणून पोस्टमनला विचारायचं, यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही.

"मालक मीपण आहे," ते म्हणायचे. "फक्त थोडा."

कोणत्या वर्षी किती डिव्हिडंड मिळाला हे त्यांना तोंडपाठ होतं, पण आकड्यांत नाही. कुकरचं वर्ष, माझ्या दप्तराचं वर्ष, द्वारका चौकातल्या दुकानातून सायकलला दोन्ही टायर घेतले ते वर्ष. एका वर्षी फक्त अर्धा किलो जिलेबी आली. त्या वर्षाबद्दल घरात हळू आवाजात बोलायचे.

माझा नवरा म्युच्युअल फंड विकतो. एकदा जेवताना तो म्हणाला, "बाबा, आजच्या भावाने तुमचं यील्ड एक टक्कासुद्धा नाही. शंभर रुपये अडकवून वर्षाला रुपयाही सुटत नाही. विकून टाका."

"मी काय आजच्या भावाने घेतलेत?" बाबा म्हणाले. "दहा रुपयांनी काढा माझं यील्ड."

नवऱ्याने मनात हिशोब केला आणि गुपचूप आमटी वाढून घेतली.

आणि मागच्या वर्षी कंपनीने डिव्हिडंडच दिला नाही. यंदा परिस्थिती अवघड आहे, विस्तारासाठी नफा राखून ठेवतोय, असं कळवलं. बाबा दोन दिवस कंपनीचं पत्र खिशात घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "वार्षिक सभेत बोलायला माझं नाव दे."

सभा पूर्वी हॉलमध्ये व्हायची आणि बटाटेवडा मिळायचा. आता ती लॅपटॉपवर होते आणि चहासुद्धा आपलाच. मी बाबांना इस्त्रीचा शर्ट घालून बसवलं. आईने त्यांच्या मागच्या दोरीवरचे कपडे काढले. "आपली अब्रू कंपनीला कशाला दाखवायची," ती म्हणाली. बाबांचा नंबर सातवा होता. आधीच्या सहा जणांनी अध्यक्षांची स्तुती केली. अध्यक्ष म्हणजे जुन्या मालकांचा नातू.

बाबांना दोन मिनिटं मिळाली. पहिलं अर्धं मिनिट त्यांचा माईकच बंद होता. मग ते शांतपणे मराठीत म्हणाले, "मी तुमच्या गेटच्या आत होतो तेव्हा पगार वाढवून मागितला. तुम्ही म्हणालात, यंदा परिस्थिती अवघड आहे. आता बाहेर आहे, डिव्हिडंड मागतोय. तुम्ही तेच म्हणताय. तुमची परिस्थिती सोपी कधी असते, तेवढं सांगा. मी त्या वर्षी येतो."

नातू हसला. खोटं नाही, खरंच हसला. म्हणाला, "काका, आपल्या भावना नोंदवून घेतल्या आहेत." आणि आठव्या नंबरला बोलावलं.

बाबांनी त्याच्या फेरनियुक्तीच्या विरोधात मत दिलं. दोन दिवसांनी निकाल आला. ठराव जवळजवळ शंभर टक्क्यांनी मंजूर.

"जवळजवळ म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे मी सोडून."

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी माझ्या नवऱ्याला बोलावलं आणि शेअर विकायला सांगितलं. माझ्या नवऱ्याला सासरी पहिल्यांदाच जिंकल्यासारखं वाटलं असणार. पैसे बाबांनी सगळेच्या सगळे आईला दिले. इतकी वर्षं त्या शेअरांकडे बघत संसार केलास, आता तुला काय हवं ते कर, म्हणाले. मला वाटलं आई बांगड्या करेल. ती शेजारच्या काकूंबरोबर अंदमानला गेली. बाबांना तिने विचारलंसुद्धा नाही, आणि ते मला जरा लागलं. त्यांना नाही लागलं. आठ दिवस स्वतः पिठलं करून खात होते.

पण विकताना त्यांनी एकशे नव्याण्णवच विकले होते. एक ठेवला. नवरा म्हणाला, एका शेअरचं करायचं काय? एकावरसुद्धा सभेत बोलता येतं, हे बाबांनी आधीच विचारून घेतलं होतं.

या वर्षी कंपनीने पुन्हा डिव्हिडंड दिला. बाबांच्या वाट्याला चार रुपये आले. तरी सभेत बोलायला त्यांनी मला नाव द्यायला लावलं. आता तक्रार कशाची, मी विचारलं.

"कॅन्टीनच्या चहाची," ते म्हणाले. "पूर्वीपासून पाणचट आहे."