एक रेघ, दोन रेघा

माझी आत्या नागभीडकडची धानवाली आणि बाबा वरोऱ्याजवळचे कपाशीवाले. दोघं सख्खी भावंडं, आत्या मोठी. भेटली की पहिला चहा होईपर्यंत गोडी असते, मग कशावरून तरी जुंपते. त्या हिवाळ्यात ती वांग्यावरून जुंपली.

मी एका कृषी विद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. शनिवारी घरी आले, तर आत्या बाजारातलं वांगं हातात धरून चुलीपाशी बसलेली. जांभळं, गुळगुळीत, कुठे डाग नाही.

"हे बीटीचं हाय. मी नाई खात."

"बाई, बीटी कपाशी असते. वांगं नाई," बाबा म्हणाले. थोरल्या बहिणीला ते बाईच म्हणतात.

"मंग याले अळी काऊन नाई लागली? मोबाइलवर दाखवून राह्यले होते, बीटी खाल्लं की अळी मरते. अळी मरते ते मी काऊन खाऊ?"

शिकलेली म्हणून मी मध्ये पडले. मातीतल्या एका जिवाणूचा गुण कपाशीच्या बियाण्यात घातलाय, त्याने बोंडअळी मरते. तसं वांगंही तयार झालं होतं, पण आपल्या देशात त्याला परवानगी नाही, असं सगळं नीट सांगितलं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"बिनपरवानगीचं बियाणं तुमच्या इकडं भेटतच नाई का?"

बाबा उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. खरं म्हणजे पाणी त्यांनी नुकतंच दाखवलं होतं.

पुढच्या रविवारी मी सरांना विचारून, विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकातून उरलेल्या तपासणीच्या पट्ट्या घरी आणल्या. काम सोपं असतं. पान किंवा फळाचा तुकडा छोट्या नळीत पाणी घालून कुटायचा, त्यात कागदाची पट्टी बुडवायची. थोड्या वेळाने एक रेघ उमटली तर बीटी नाही, दोन उमटल्या तर आहे. विहारातली वंदना आटोपून परतणाऱ्या बाया आमच्या अंगणात थांबल्या. आत्या खाटेवर अशी बसली होती, की जणू निकाल तीच देणार.

आत्याने न खाता ठेवलेल्या त्याच वांग्याचा तुकडा कुटून पट्टी बुडवली. एक रेघ.

"पाह्य," बाबा म्हणाले.

"पट्टीच खराब असन," आत्या म्हणाली.

मग बाबाच शेतात जाऊन कपाशीचं पान घेऊन आले. आम्ही सगळ्या त्या पट्टीवर वाकलो. आधी एक रेघ आली, मग तिच्याखाली हळूहळू दुसरी. तेवढ्यात घरोघरी गरोदर बायांची चौकशी करत फिरणारी गावातली आशाताई फाटकातून आत आली. तिने लांबूनच माझ्या हातातली पट्टी बघितली आणि तिचा चेहरा फुलला.

"दोन रेघा! अभिनंदन! कोणाची आहे?"

"माझ्या कपाशीची," बाबा म्हणाले.

अंगणात जो हशा पिकला, तो आवरायलाच वेळ लागला. आत्या तर डोळ्याला पदर लावून हसत होती. आशाताईला सगळं समजावलं, तर ती घरी जाऊन दोन टमाटे घेऊन आली. मग कुणी पपई आणली, कुणी वालाच्या शेंगा. टमाट्यात बीटी नसतं, असं मी सांगत राहिले, पण ऐकतं कोण? पट्ट्या संपेपर्यंत सगळीकडे एकच रेघ.

माझी छाती जरा फुगली होती. तेव्हा आत्याने तेलाच्या डब्याकडे बोट दाखवलं. "हे कायचं?"

"सरकीचं," बाबा म्हणाले.

"म्हणजे त्याच कपाशीचं. याच्यात किती रेघा?"

मला सांगावं लागलं, की पट्टी प्रथिन पकडते आणि तेलात ते जवळजवळ उरतच नाही. तेलाबद्दल पट्टी काही सांगणार नाही.

"अन् तेल काढून उरलेली सरकीची ढेप म्हशीले चारता. दुधाचं?"

"दुधात येत नाही असं शास्त्रज्ञ म्हणतात. मी स्वतः तपासलं नाही."

"हे बरं केलं," आत्या म्हणाली. "नाई मालूम तर नाई मालूम म्हणाव."

मला वाईट वाटायला हवं होतं, पण उलट हलकं वाटलं. आठवडाभर मी दोघांना शिकवायला बघत होते, आणि तिने मला नापास न करता सोडून दिलं.

दुपारी बाबांनी ते वांगं स्वतः भाजलं आणि जवसाच्या तेलात भरीत केलं. आत्याने घास घेतला, चावला. सगळे तिच्याकडे बघत होते.

"बीटी नाई," ती म्हणाली, "पण चवही नाई."

पावसाळ्यात तिने आपल्याकडच्या काटेरी वांग्याची रोपं एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवली. बाबांनी ती कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर लावली. कपाशी अर्थातच बीटी. त्यावर त्यांचं मत बदललेलं नाही. पूर्वी बोंडअळीसाठी किती फवारे मारावे लागत, पाठ कशी मोडून येई, ते त्यांनी सोसलंय. वांग्याला मात्र शेंडेअळी लागली. बाबांनी पंप काढायच्या आधी आत्याला फोन केला.

"फवारू नको," आत्या म्हणाली. "सुकलेला शेंडा दिसला का खुडायचा अन् जाळायचा. रोज."

तेव्हापासून सकाळी उठून बाबा आधी धुऱ्यावर जातात. परवा मी सोबत गेले, तर ते एकेका झाडापाशी वाकून शेंडे खुडत होते आणि स्वतःशीच पुटपुटत होते, "इतकी सेवा तर मी बाईचीही नाई केली." मीही पलीकडून एक ओळ धरली.