अक्कांची लेबलांची वही

लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला आले तेव्हा माझ्या नाकावर माशी बसत नव्हती. शाळेत चित्रकलेची बक्षिसं मिळालेली, भाषा शुद्ध, अक्षर वळणदार, आणि एवढ्या भांडवलावर सासर जिंकायचं असा बेत. सासर मल्लेश्वरमला. माणसं मराठीच, पण दहा-बारा पिढ्यांपूर्वी इकडे येऊन रुजलेली. त्यांचं मराठी ऐकून पहिल्या महिन्यात मी तोंडाला पदर लावून हसायचे. 'मीठ स्वल्प कमी झालं की', 'सरी, ठेव तिथं', सरी म्हणजे बरं. सासूबाईंना सगळं घर अक्का म्हणायचं, त्यांची स्वतःची मुलंसुद्धा, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले.

अक्का बोलायला फार कमी. लिहिता-वाचता येत नव्हतं. सासरे चिकपेटेतल्या एका कापडाच्या दुकानात जन्मभर नोकरीला होते, ते माझ्या लग्नाआधी तीन-चार वर्षं गेले. नणंद देवनहळ्ळीला दिलेली. घरात आम्ही तिघंच, अक्का, मी आणि हे. हे सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन.

दुपारची जेवणं आटोपली की अक्का मागच्या दाराशी बसून एक वही काढायच्या. दुकानातून टाकून दिलेली, कापडाच्या नमुन्यांची जाडजूड वही. नमुने काढून टाकून अक्कांनी तिच्यात ठाणांवरची लेबलं चिकटवली होती. त्या काळी गिरणीच्या कापडाच्या ठाणावर मोठं रंगीत लेबल असायचं. त्यावर कधी लक्ष्मी, कधी वाघ, कधी आगगाडीचं इंजिन, कधी छत्री घेतलेली मड्डम. घरात कापड आलं की सासरे त्याचं लेबलही आणायचे आणि अक्का ते खळीनं वहीत लावायच्या. पण कसं, तर एका पानावर मारुती, त्याच्या शेपटीजवळ जहाज, खाली हरिण, एक लेबल तिरकं, एक निम्मं दुसऱ्यावर चढलेलं. माझा जीव वरखाली व्हायचा. चित्रकलेत बक्षीस मिळवलेल्या बाईनं हे रोज बघायचं म्हणजे शिक्षाच होती.

साठ-एकसष्टच्या सुमारास दसऱ्याआधी शहरात कागदवाल्या आणि स्टेशनरीवाल्या व्यापाऱ्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. कारखान्याला ड्रॉइंगचा कागद लागायचा, म्हणून यांना दोन पास मिळाले. हे आत शिरले ते ट्रेसिंग पेपरच्या स्टॉलपाशी जे रुतले ते रुतलेच. मी एकटी हिंडले. मला माहीत असलेलं कागदकाम म्हणजे पताका, आकाशकंदील आणि रुखवतातली फुलं. इथं बघते तर क्रेप कागद ओढला की रबरासारखा ताणला जातोय, पाकळीची कड बोटानं वळवली की खरा गुलाब. नागमोडी कापणारी कात्री. मागून नुसती जीभ लावली की चिकटणारे रंगीत चौकोन. एक जण घड्या घालून घालून कागदाचा बगळा करत होता, आणि शेपटी ओढली की त्याचे पंख हलत होते. मी लहान पोरीसारखी त्याच्याकडून तीनदा करून घेतला.

पण अडकले ती एका चिकटवहीच्या स्टॉलपाशी. कॅन्टोन्मेंटकडची एक फ्रॉकवाली बाई तिथं बसली होती. तिच्यासमोर काळ्या पानांच्या वह्या, दोन पानांच्या मध्ये बटर पेपर, आणि चित्र न चिकटवता चारी टोकांना पकडून ठेवणारे सोनेरी कागदी कोपरे. काळ्या पानावर पांढऱ्या शाईनं नावं. ती मोडक्या हिंदीत मला समजावून सांगत होती. पूर्वी लोक हाताला येईल ते, येईल तसं चिकटवायचे. आता तसं करत नाहीत. आता विषय ठरवायचा, फुलं फुलांत, जहाजं जहाजांत, पानावर मोकळी जागा सोडायची. जुनी खळ कोमट पाण्यात सुटते, असंही तिनं सांगितलं, आणि एका जुन्या वहीचं पान थाळीत बुडवून त्यावरची तिकिटं सोडवून दाखवली. मी तास दीड तास तिथं उभी होते. हे शोधत आले तेव्हा माझ्या हातात काळी वही, कोपऱ्यांची पाकिटं आणि पांढऱ्या शाईची बाटली होती. बसमध्ये बसेपर्यंत माझं सगळं ठरलं होतं.

अक्कांना आनंद द्यायचा होता, हे खरं. पण त्याहून जास्त मला त्यांना दाखवून द्यायचं होतं की पुण्याची सून काय चीज आहे. आज या वयात कबूल करायला लाज कसली!

आठवड्याभरात आयती संधी आली. देवनहळ्ळीला नातवाचं बारसं होतं आणि अक्का दहा दिवस लेकीकडे गेल्या. त्यांची पाठ वळताच मी पराती काढल्या, पाणी कोमट केलं आणि वहीचं एकेक पान बुडवलं. अक्कांनी खळीत मोरचूद घातलेलं, त्यामुळे पाणी निळसर व्हायचं आणि एकाही पानाला किड्यानं तोंड लावलेलं नव्हतं. लेबलं पाण्यावर तरंगत सुटून यायची. मी ती धोतराच्या पानावर वाळवली, कडा सरळ कापल्या आणि ढीग केले. देव देवांत, जनावरं जनावरांत, पक्षी, बायका, वाहनं. संध्याकाळी हे कारखान्यातून आले की पानावर पट्टीनं रेघा आखून पांढऱ्या शाईनं नावं घालायचे. त्यांचं अक्षर छापल्यासारखं. ते याच वहीच्या शेजारी लहानाचे मोठे झाले होते, पण त्यांनाही काही वावगं वाटलं नाही. उलट अक्का खूश होईल म्हणाले. जुनी वही भिजून फुगली होती. ती उन्हात वाळवली आणि पानं फाडून न्हाणीघरातल्या हंड्याखाली घातली. दोन दिवसांचं अंघोळीचं पाणी तापलं तिच्यावर.

अक्का परत आल्या. त्यांना चहा दिला आणि मांडीवर नवी वही ठेवली. काळं पान, सोनेरी कोपरे, मध्ये ऐटीत बसलेली लक्ष्मी. मी शेजारी उभी, शाबासकीची वाट बघत. अक्कांनी पहिलं पान बघितलं, मग शेवटचं, मग मधलं एक. मग जुनी वही कुठं आहे म्हणून विचारलं. मी हसत हसत सांगितलं की हंड्याखाली गेली. अक्का 'सरी' म्हणाल्या आणि उठल्या. न्हाणीघराकडे गेल्या. मला वाटलं, प्रवासातून आल्यात, पाय धुवायला गेल्या असतील. बराच वेळ झाला म्हणून डोकावले, तर त्या चुलीपुढे बसून काठीनं राख उकरत होत्या.

रात्री जेवल्या नाहीत. माझं डोकं असं फिरलं! यांच्यापुढे मी सगळा राग ओकले. दहा दिवस कंबर मोडेस्तोवर राबले, हाताची सालं निघाली, आणि एक शब्द नाही चांगला! यांच्याकडे माणसाची किंमतच नाही! हे बिचारे दोन्हीकडून भरडले गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का नवी वही घेऊन नेहमीच्या जागी बसल्या. पानं पुढे उलटायच्या, मागे उलटायच्या, पुन्हा पुढे. धान्यात हरवलेली सुई शोधावी तशा. पाऊण तास मी भांडी आदळत ते सोसलं. शेवटी राहवेना. बाहेर येऊन जरा फणकाऱ्यानंच विचारलं, काय हवंय तुम्हाला त्यात? ती म्हणजे मी त्यांना त्या वहीबद्दल विचारलेली पहिली गोष्ट.

"माझी वर्षं कुठं गेली, ते बघते," अक्का म्हणाल्या.

मग त्या बोलल्या. लग्न होऊन आल्यापासून दर पाडव्याला त्या नवं पान उलटत. एक पान म्हणजे एक वर्ष. त्या वर्षात घरात जे कापड आलं त्याचं लेबल, आलं त्या क्रमानं, वरच्या कोपऱ्यापासून. नणंदेच्या लग्नाचं लुगडं कुठल्या पानावर, यांची मुंज कुठल्या, सासऱ्यांना दुकानात बढती मिळाली तेव्हाचा कोट कुठल्या, सगळं त्यांना पान उघडताच कळायचं. लेबल तिरकं असलं तर ते घाईत लावलेलं, म्हणजे त्या दिवशी घरात पाहुणे होते. एकावर एक चढवलेलं असलं तर दोन्ही कापडं एकाच दिवशी आलेली. काही पानं कोरी होती. त्या वर्षी घरात सुतक आलं, वर्षभर नवं कापड घेतलं नाही. सासरे गेले ते पान कोरं. मी ती कोरी पानं फाडताना एकदाही थबकले नव्हते, आधी हीच बरी पेटतील म्हणून ती वर ठेवली होती.

मी खाली बसले.

अक्कांनी पक्ष्यांचं पान उघडलं. त्यावर तीन पोपट होते. एकाच गिरणीचे, तीच फांदी, तोच लाल कंठ, तीच सोनेरी कड. मला त्या दिवशी केवढा आनंद झालेला, तीन सारखे मिळाले म्हणून! एकाखाली एक, पट्टीनं अंतर मोजून लावले होते. अक्कांनी सांगितलं, यांच्या जन्माआधी त्यांना एक मुलगा झाला होता. अकरा महिन्यांचा होऊन गेला. नाव ठेवलं होतं, फोटो काढलेला नव्हता. पोपटाच्या लेबलाच्या मलमलीची दोन झबली शिवली होती, ती त्याच्याबरोबर गेली. त्याचं म्हणून घरात लेबल तेवढं उरलं होतं. पुढे कधीतरी तीच मलमल परकराच्या अस्तराला आली आणि नंतर एकदा खिडकीच्या पडद्याला. पण ते पोपट वेगळ्या पानांवर होते, म्हणून कधी घोटाळा झाला नाही.

"यातला माझ्या बाळाचा कुठला, सांग," अक्का म्हणाल्या.

त्या रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. लेबलं मीच सोडवली, मीच लावली, तेव्हा मला माहीत असणार असं त्यांना वाटत होतं. आणि मला माहीत नव्हतं. मी ओक्साबोक्शी रडले. त्यांच्या पायावर डोकं ठेवलं तर त्यांनी ते हातानं बाजूला केलं. रागानं नाही, त्यांना पान दिसत नव्हतं म्हणून.

हे आल्यावर त्यांना सांगितलं. आपल्या आधी कुणीतरी होऊन गेलं एवढंच त्यांना माहीत होतं, त्याच्या झबल्याचं कापड नव्हे. कधी विचारलंच नाही म्हणाले, आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

त्यानंतर महिनाभर दुपारी मी अक्कांपाशी वही-पेन्सिल घेऊन बसले. त्या सांगत, मी लिहून घेई. हत्ती कधीचा, जहाज कधीचं, मड्डम कुणाच्या पोलक्याची. अक्कांची स्मरणशक्ती अशी की बहुतेक सगळी लेबलं आपापल्या वर्षाला जाऊन बसली. मी विषय मोडले, यांची पांढऱ्या शाईतली नावं काळ्या शाईनं बुजवली आणि वर्षांची पानं लावली. कोरी सोडायची ती कोरी सोडली. त्या महिन्यात मला या घराबद्दल जेवढं कळलं तेवढं त्याआधी वर्षभरात कळलं नव्हतं. त्यांच्या मराठीला मी कधी हसायची थांबले, तेही मला सांगता येणार नाही.

राहिले ते तीन पोपट. आम्ही उजेडात धरून बघितले, उलटे करून बघितले. मागे खळीचा डागही मी पाण्यानं स्वच्छ केलेला. कडाही मीच कापून सारख्या केल्या होत्या. रोज अक्का ते हातात घ्यायच्या आणि रोज खाली ठेवायच्या. एका दुपारी मला ते बघवेना. एका पोपटाच्या फांदीवर बारीकशी सुरकुती होती. मी तो उचलला आणि म्हणाले, अक्का, मला आता आठवलं, हा पहिल्या काही पानांतला, सोडवताना ही सुरकुती पडली होती. अगदी छातीवर हात ठेवून सांगितलं.

अक्कांनी तो घेतला. बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"खोटं नको सांगू, पोरी," त्या म्हणाल्या. "मी हा धरून बसेन, आणि माझा तिकडं पडद्याच्या पानात राहील."

मग त्यांनी तिन्ही पोपट माझ्याकडे दिले आणि बाळाच्या वर्षाच्या पानावर तिघांनाही शेजारी शेजारी लावायला सांगितलं. कोपरे नको म्हणाल्या, खळ कर म्हणाल्या. मी मैद्याची खळ केली, मोरचूद घातलं. अक्कांनी स्वतः बोटानं ती लावली. पुढे त्या पंधरा वर्षं जगल्या. त्या पानाशी आल्या की एका पोपटावरून हात फिरवायच्या, मग दुसऱ्यावरून, मग तिसऱ्यावरून, तेवढाच वेळ, आणि मग पान उलटायच्या.