सासूच्या हातचा लाल ठिपका

आमचा पेणजवळ जोह्याला गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे घरापुढची लांब शेड, त्यात साचे, माती, रंग आणि आम्ही तिघं: नवरा, सासू आणि मी. मूर्तीचे डोळे काढायचे, त्याला आखणी म्हणतात. ती माझ्याकडे. चौथी शिकलेली बाई मी, पण आखणीत माझ्यासारखा हात घरात कुणाचा नव्हता.

पाळीत बाईने मूर्तीला शिवायचं नाही, हा आमचा नेम. सासू शेडमधल्या कॅलेंडरवर मी बाहेर बसले त्या दिवशी मूर्तीच्याच लाल रंगाचा ठिपका द्यायची. येणारे-जाणारे तो बघायचे. नव्या सुनेच्या ठिपक्यांवर गावाची नजर असते. माझं तर लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती.

मला पाळी चार दिवसांत सुटायची नाही. सात-आठ दिवस जायचे, आणि पोटात कोणी विळा फिरवतंय असं दुखायचं. सासू म्हणायची, "पोर नाय ते नाय, वर महिन्याचे आठ दिवस पाटावर बसून खायचं. नशीब हाय गो तुझं." ते ऐकून ऐकून मी दिवस चोरायला लागले. पाळी आली तरी सांगायचं नाही, दोन-तीन दिवस काम करायचं, मग म्हणायचं, आज आली. कापड माळ्यावर साच्यांमागे वाळवायचं. डोळा काढताना श्वास रोखावा लागतो. तेवढा वेळ दुखणंही रोखायला शिकले.

डॉक्टरकडे आम्ही रोह्याला जायचो, तेही गावाबाहेर, वरशाच्या बाजूला. पेणला गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत जोह्यात बोभाटा झाला असता. डॉक्टर बाई होती. तिने मुंबईला पाठवून दुर्बिणीने ऑपरेशन करवलं. आजाराचं इंग्रजी नाव मला तेव्हाही म्हणता आलं नाही. गर्भपिशवीच्या आतलं अस्तर बाहेर वाढतं आणि दर पाळीला तिथेही रक्त सुटतं. ते साठून बीजकोशावर गाठ झाली होती. तिला म्हणे चॉकलेटची गाठ म्हणतात. डॉक्टर लोकांना नावं ठेवायला दुसरं काही मिळालं नाही.

ऑपरेशननंतर डॉक्टरीण म्हणाली, "गाठ काढली, पण ती परत धरते. मूल राहायला पुढचे आठ-दहा महिने तुमच्या हातात आहेत. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून बाराव्या दिवशी सोनोग्राफीला या. बीज पिकलं असेल तर इंजेक्शन देते. तारीख चुकवू नका."

नवऱ्याने पिशवीतून कॅलेंडर काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "आई खूण करते. चुकायची नाय."

मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. नवरा शेजारी बसला होता.

ठिपक्यापासून बाराव्या दिवशी गेलो, म्हणजे खरा पंधरावा. डॉक्टरीण पडद्याकडे बघून म्हणाली, "बीज फुटून गेलं. पुढच्या वेळी दहाव्या दिवशी या." तोवर आषाढ लागला, मुंबईच्या ऑर्डरी अंगावर आल्या. मी तीनऐवजी चार दिवस चोरले. पुन्हा तेच. मग म्हणाली आठव्या दिवशी या. तो महिना मी पाच दिवस चोरले. घरात कामाचा डोंगर असताना बाजूला बसायची माझी छाती झाली नाही.

तिसऱ्या वेळी ती बराच वेळ यंत्र फिरवत राहिली. नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं आणि मला म्हणाली, "खरं सांगा, पाळी कधी आली?"

सांगितलं.

ती रागावली नाही. "तीन महिने मी तुमच्या सासूबाईंचं कॅलेंडर तपासत होते, तुम्हाला नाही," म्हणाली. मग पडद्यावर बोट ठेवलं. "ही बघा. गाठ परत धरली."

परतीच्या एसटीत नागोठणं गेल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, गेलेल्या महिन्यांबद्दल शिव्या देईल. त्या मी खाल्ल्या असत्या. वडखळला तो हळूच म्हणाला, "म्हंजे त्या हातानं डोळे काढलेस?"

"व्हय."

"कंच्या कंच्या मूर्ती?"

"आता कुठं आठवतंय? तुम्हीच जाऊन बघा, वळखू येतात काय."

पेणच्या स्टँडवर उतरल्यावर तो म्हणाला, "आईला सांगू नको." गाठीबद्दल एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाटावर ओळीने मूर्ती लावल्या, कुंचला हातात धरून उभा राहिला आणि विचारलं, "आज नाय ना?" मी नाही म्हटल्यावर कुंचला दिला. चोरलेल्या दिवसांच्या मूर्ती आधीच रंगून गाडीत भरून गेल्या होत्या. त्या गणपतीत लोकांनी त्यांची पूजा केली. कुणाची तक्रार आली नाही.

गाठ आटावी म्हणून डॉक्टरणीने सहा महिने गोळ्या दिल्या. त्यांनी पाळीच बंद होते. माझ्या हनुवटीवर केस आले, आवाज जाड झाला. दोन महिने कॅलेंडरवर ठिपका पडला नाही, तर सासूने मला मातीची घमेली उचलू देणं बंद केलं. सकाळी दुधाचा पेला हातात द्यायची. एकदा जवळ बसून माझ्या डोक्याला तेल लावलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, सांगा त्यांना." तो आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिला. शेवटी मीच सांगितलं, "आई, गोळ्यांनी बंद झालीय. पोटात काही नाही."

सासूने माझ्यापुढचा पेला उचलला आणि आत नेऊन दूध पातेल्यात परत ओतलं. बाहेर येऊन म्हणाली, "मग घमेली उचल गो. आता तर बसायचंबी नाय तुला."

गोळ्या संपल्या, गाठ राहिली. परत रोह्याला आम्ही गेलो नाही. पुढे चार वर्षांनी दुखणं सोसवेना, तेव्हा पिशवीच काढली. सासूने नव्या वर्षाचं कॅलेंडर आतल्या खोलीत टांगलं, शेडमध्ये त्याचं काही काम उरलं नव्हतं. त्यानंतर मी महिन्याचे तीसही दिवस आखणी केली.