तुरीच्या डाळीनं निवडलेलं गाव

ओव्हरसियरकाका परगावी निघाले, की त्यांच्या कोटाच्या एका खिशात चष्मा आणि दुसऱ्यात मूठभर तुरीची डाळ असे. डाळ खाण्यासाठी नव्हे, गावाची परीक्षा घेण्यासाठी. ज्या गावच्या पाण्यात तूरडाळ बघता बघता गळून जाते ते गाव राहण्याजोगं, आणि जिथं ती तासभर उकळूनही दाताखाली येते तिथून दिवसाउजेडी निघावं, असं त्यांचं ठाम मत होतं. शेजार कसा, शाळा कशी, हवा कशी, हे प्रश्न त्यांच्या लेखी नंतरचे. "जड पाण्यानं पोट बिघडतं, पोटानं स्वभाव बिघडतो, आणि स्वभावानं शेजार. मग राहिलं काय?" असं ते विचारत.

देवासला तेव्हा एका गावात दोन राज्यं नांदत होती, थोरल्या पातीचं आणि धाकट्या पातीचं. रस्त्याच्या या कडेला एक महाराज, त्या कडेला दुसरे. काका थोरल्या पातीच्या पाणीखात्यात ओव्हरसियर होते. पुढे संस्थानं विलीन झाली, दोन्ही पात्या एक झाल्या, काकांचा हुद्दा गेला. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. नव्यानं बदलून आलेला अंमलदार असो की दुकान थाटणारा वाणी, घर भाड्यानं घेण्याआधी काकांना विचारायला येई. काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "भिया, मकान बाद में देखना, पहले कुआँ दिखाओ."

मी लग्न होऊन धारहून देवासला आले ती त्यांनीच शोधलेल्या घरात. आमचं त्यांचं रक्ताचं नातं काही नव्हतं, ते माझ्या सासऱ्यांचे स्नेही. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते, तेव्हा वडीलकीचा सगळा हक्क काकांकडे होता आणि तो ते मनसोक्त बजावत. "धारची डाळ वीस मिनिटांत शिजते, म्हणून तर मुलगी धारची केली," असं ते माझ्यासमोरच पाहुण्यांना सांगत. माझं शिक्षण, रंगरूप, गळा यांचा कुठं उल्लेख नसे. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझी लेक त्यांच्याच ओसरीवर चालायला शिकली, आणि ती पडू नये म्हणून वाकून तिच्यामागं फिरताना काकांची कंबर धरली ती कायमची.

एकदा आम्ही सगळे मांडूला गेलो. लोक महालांच्या कमानी बघत होते, आणि काका तळ्याकाठी तीन दगडांची चूल मांडून फुंकर मारत बसले होते. डाळ मऊ शिजली तेव्हा ते आनंदानं उठले आणि त्या सबंध पडक्या राजधानीकडे बघून हळहळले, "इतकं चांगलं पाणी सोडून गेले! काही कळत नाही लोकांना." काकू शांतपणे म्हणाल्या, "आता ती डाळ खाऊन घ्या. गावोगावी डाळी शिजवता, घरी एक दिवस वरणाला फोडणी दिली नाहीत."

विलीनीकरणानंतर कचेऱ्या ग्वाल्हेर-इंदूरकडे हलल्या आणि माझे यजमान, जे नकाशे काढण्याचं काम करत, ते जादा ठरले. दोन वर्षं इकडेतिकडे अर्ज करून झाल्यावर पूर्व आफ्रिकेतल्या एका कंत्राटदाराचं पत्र आलं. नोकरी पक्की, राहायला घर. मोंबासा, नैरोबी किंवा किसुमू, तिन्हींपैकी कुठलंही एक गाव तुम्ही निवडा आणि कळवा. मात्र एकदा निवडलं की पाच वर्षं बदली नाही. आम्ही यांतलं एकही गाव पाहिलेलं नव्हतं. नकाशावर मोंबासा समुद्रात पाय सोडून बसलेलं, किसुमू एका प्रचंड तलावाच्या काठी, आणि नैरोबी मधेच. लेक दीड वर्षाची. जिथं जाऊ तिथंच तिची शाळा, तिथंच तिचं बोलणं-चालणं होणार, हा विचार आला की मी पुन्हा नकाशा उलगडून बसत असे.

काकांना पत्र दाखवलं. त्यांनी ते तीनदा वाचलं आणि म्हणाले, "पाणी आणवायला हवं."

"आफ्रिकेहून?" यजमानांनी विचारलं.

"मग काय इथल्या मोतीबंगल्याच्या विहिरीवरून?"

धारच्या एका बोहरी कापडवाल्यांचा भाऊ तिकडे व्यापार करी आणि घरच्या लग्नासाठी येणार होता. त्याला पत्र गेलं. त्याची आगबोट लांबली. कंत्राटदाराला आम्ही एकदा मुदत मागितली, मग दुसऱ्यांदा मागितली. तिसऱ्यांदा त्याचं उत्तर आलं, की पंधरा दिवसांत कळवा, नाही तर दुसरा माणूस तयार आहे. यजमान वैतागून मला म्हणाले, "काका आपल्याला पाठवायला निघालेत की अडकवून ठेवायला?" मी त्यांना गप्प केलं.

अखेर भाऊ आला, आणि त्या भल्या माणसानं खरंच तीन बाटल्या आणल्या. काका मोटारीनं धारला गेले. परतीच्या धक्क्यांत काच फुटेल म्हणून त्यांनी पाणी तांब्याच्या तीन गडवांत ओतलं, तोंडं लाखेनं बंद केली, गळ्यात आकड्यांच्या चिठ्ठ्या बांधल्या. देवासला येऊन गडू देवघराबाहेर ठेवले आणि वर्दी द्यायला आमच्याकडे धावले. यजमान बाहेर गेले होते, ते परतेपर्यंत काका आमच्याकडेच बसून राहिले.

आता सीलबंद तांब्याचे गडू घरात आले तर मराठी बाई काय समजेल? काकू समजल्या, की यांनी कोणा यात्रेकरूकडून काशीची गंगा मिळवली. त्यांनी चौरंग मांडला, शेजारणींना हळदीकुंकवाला बोलावलं, गंगेची यथासांग पूजा केली, दोन गडू फोडले आणि आळीभर तीर्थ वाटलं. आम्ही पोचलो तेव्हा समोरचे दादासाहेब, जे समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं महिनाभर आम्हांला बजावत होते, तिसऱ्यांदा ओंजळ पुढे करत होते.

"अहो, ती मोंबासा होती!" काका ओरडले. "आणि ही नैरोबी!"

"मला काय ठाऊक?" काकू म्हणाल्या. "गंगा आली की पुजायची, एवढं मला कळतं. घरात काय येऊन राहिलंय ते सांगत चला ना."

दादासाहेब हात कोरडा करत घरी गेले.

उरला तिसरा गडू. काकांनी तो स्वतः फोडला, शेगडी पेटवली, डाळ टाकली. आळी ओसरीवर जमली होती. पंचवीस मिनिटांनी त्यांनी एक दाणा चिमटीत धरला. तो लोण्यासारखा चिरडला. "किसुमू," ते म्हणाले. "बिनविरोध निवडून आलं." सगळे हसले. त्याच संध्याकाळी तार गेली.

निघायच्या दिवशी ते मोटार अड्ड्यावर आले. लेकीला कडेवर घेऊन मोटार सुटेपर्यंत उभे राहिले. मी पाया पडले आणि मनातलं विचारून टाकलं, "काका, गाव चुकलं तर?"

"चुकलं तर लिही," ते म्हणाले. "मी परतीचं बघतो."

किसुमू मला मानवलं. लेक शाळेत जाऊ लागली, मी शेजारणींची बोली शिकले, तलावावरचा वारा आवडू लागला. दर दिवाळीला काकांचं पत्र येई. चार ओळी खुशालीच्या आणि शेवटी एकच प्रश्न, "गाव चुकलं का?" मी दर वेळी मोठ्या कौतुकानं लिही, "नाही काका, मुळीच नाही. तुमची निवड अगदी बरोबर." त्यांचा मान राखतेय, या समजुतीत मी होते.

सहाव्या वर्षी पत्र आलं ते काकूंचं. काका गेल्याचं त्यांनी दोन ओळींत कळवलं होतं. खाली लिहिलं होतं, "तुझं पत्र आलं की आळीभर वाचून दाखवायचे. पोरगी सुखात आहे म्हणून सांगायचे. आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत. म्हणायचे, या वर्षीही चुकलं नाही."

एकदा तरी मी खोटं लिहायला हवं होतं.